उन्हाळ्याची बेगमी

(घरात येणारा पैसा आणि घरातून जाणारा पैसा यांचा मेळ घालणे ही एक कला आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत या कलेची खरी परीक्षा होते. ती कशी पार पाडावी, हे या पाठात सांगितले आहे.)

मराठीत ‘बेगमी’ असा एक शब्द आहे. हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटेल. ‘बे’ म्हणजे शिवाय आणि ‘गम’ म्हणजे दुःख किंवा काळजी. बेगमी म्हणजे काळजी नसणे. फारसीतून मराठीत आल्यावर या शब्दाला आणखी एक अर्थ मिळाला. पुढच्या दिवसांसाठी आधीच करून ठेवलेली तरतूद म्हणजे बेगमी. घरात वर्षाचा गहू भरला, मिरची-हळद दळून ठेवली, की लोक म्हणतात, ‘चला, वर्षाची बेगमी झाली.’ हे दोन्ही अर्थ एकमेकांना किती जवळचे आहेत पाहा! ज्याने उद्याची तरतूद केली आहे, त्याला उद्याची काळजी नाही.

उन्हाळा हा बेगमीचा काळ आहे. रब्बीचा गहू याच दिवसांत बाजारात येतो. गच्चीवर शेवया, पापड, कुरडया वाळत पडतात. नाशिक जिल्ह्यातील लासलगावची बाजारपेठ कांद्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे या दिवसांत उन्हाळी कांद्याच्या गाड्यांच्या रांगा लागतात. खरिपाचा कांदा फार दिवस टिकत नाही. उन्हाळी कांदा मात्र हवेशीर जागी पसरून ठेवला आणि सडलेला वेळोवेळी काढून टाकला, तर चार-पाच महिने टिकतो. म्हणून जाणत्या गृहिणी तो याच वेळी घेऊन ठेवतात.

पण गंमत अशी, की ज्या दिवसांत धान्याची बेगमी होते, त्याच दिवसांत घरात पैशांची सर्वांत जास्त ओढाताण होते. असे का होते?

उन्हाळ्यात पंखे दिवसरात्र चालतात, म्हणून विजेचे बिल वाढते. शाळांना सुट्टी लागते, म्हणून पाहुणे येतात किंवा आपण गावाला जातो. लग्नसराई असते, म्हणून आहेर करावा लागतो. जूनच्या मध्याला बहुतेक शाळा उघडतात, तेव्हा वह्या, दप्तर, गणवेश घ्यावे लागतात. त्याच सुमारास पाऊस येतो. छत्री हवी असते, छपरावर ताडपत्री टाकायची असते.

यात आपल्या घरांत आणखी एका गोष्टीची भर पडते. ईद चांद्र वर्षाप्रमाणे येते. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते. इंग्रजी वर्ष ३६५ दिवसांचे असते. त्यामुळे ईद दर वर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते. २०२४ साली बकरी ईद १७ जूनला आली होती आणि २०२५ साली ७ जूनला. म्हणजे ईदचा खर्च आणि शाळेचा खर्च यांत काही दिवसांचेच अंतर राहिले. पुढे हा सण उन्हाळ्यात आणि नंतर हिवाळ्यात जाईल. म्हणून आपल्या घरचा हिशेब मांडताना दोन्ही कॅलेंडरे जवळ ठेवावी लागतात.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. वर सांगितलेला यांतील एकही खर्च अचानक आलेला नाही. आजारपण किंवा अपघात सांगून येत नाही. पण उन्हाळा, ईद, शाळा आणि पावसाळा हे चौघेही सांगून येतात. तरीही आपण त्यांना पाहून दर वर्षी दचकतो. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात ते हेच.

मालेगाव, भिवंडी यांसारख्या यंत्रमागाच्या गावांत अनेक कामगारांना आठवड्याच्या आठवड्याला मजुरी मिळते. मजुरी आठवड्याची असली, तर हिशेबही आठवड्यापुरताच करण्याची सवय लागते. कापडाला मागणी कमी झाली, की मागांच्या पाळ्या कमी होतात आणि मजुरीही घटते. अशा वेळी जूनचा खर्च समोर उभा राहिला, तर माणूस मालकाकडून उचल घेतो किंवा सावकाराकडे जातो.

कर्ज किती महाग पडते ते पाहू. समजा, एका कुटुंबाचा एप्रिल ते जून या काळातील जादा खर्च असा आहे : विजेचे वाढीव बिल ८०० रुपये, प्रवास व पाहुणे १५०० रुपये, लग्नातील आहेर १००० रुपये, ईद २५०० रुपये, शाळेचे सामान २३०० रुपये आणि पावसाळ्याची तयारी ९०० रुपये. एकूण ९००० रुपये झाले. ही रक्कम सावकाराकडून महिना शेकडा ५ रुपये व्याजाने आणली. शेकडा ५ हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पण ९००० रुपयांवर महिन्याला ४५० रुपये व्याज होते. कुटुंबाने दहा महिने फक्त व्याज भरले, तर ४५०० रुपये गेले आणि मूळचे ९००० रुपये तसेच डोक्यावर राहिले! तोपर्यंत पुढचा उन्हाळा दाराशी आलेला असतो.

आता हेच ९००० रुपये दुसऱ्या रीतीने मिळवू. नोव्हेंबरपासून मे महिन्याच्या अखेरीपर्यंत सुमारे ३० आठवडे होतात. दर आठवड्याला ३०० रुपये बाजूला ठेवले, तर बरोबर ९००० रुपये जमतात. व्याज नाही, उचल नाही आणि कोणासमोर हात पसरणेही नाही. थेंबे थेंबे तळे साचे, असे म्हणतात ते उगीच नाही. मात्र हेच काम एप्रिलच्या आरंभी सुरू केले, तर नऊच आठवडे हाती उरतात. मग आठवड्याला १००० रुपये काढावे लागतील. ते फार थोड्यांना जमेल. पैशाइतकीच वेळेचीही बेगमी करावी लागते.

हे साधायचे असेल, तर पहिले काम म्हणजे हिशेबाची वही. एका जुन्या वहीत तारीख, तपशील, जमा, खर्च आणि शिल्लक असे पाच रकाने आखा. जमा, खर्च, रक्कम, बाकी, तारीख, हिशेब हे सारे शब्द तुम्ही उर्दूतही वापरता. त्यामुळे मराठीत हिशेब लिहिणे तुम्हांला मुळीच अवघड जाणार नाही. समजा, घरात आठवड्याला ४००० रुपये आले. मग वहीत असे लिहिता येईल :

जमा : मजुरी ४००० रुपये
खर्च : बेगमी ३०० रुपये
किराणा १४०० रुपये
दूध, भाजी, मांस ८०० रुपये
घरभाड्याचा आठवड्याचा हिस्सा ६०० रुपये
गॅस व वीज यांचा हिस्सा ३५० रुपये
औषधे व प्रवास २०० रुपये
किरकोळ २५० रुपये
एकूण खर्च ३९०० रुपये, शिल्लक १०० रुपये

या यादीत बेगमी सर्वांत वर लिहिली आहे, हे तुमच्या ध्यानात आले का? पुष्कळ लोक सगळा खर्च करून उरेल ते साठवू, असे म्हणतात. पण खर्चाच्या शेवटी काही उरत नाही. म्हणून आधी बाजूला काढावे आणि राहिलेल्या पैशांत जमाखर्चाची तोंडमिळवणी करावी.

बाजूला काढलेला पैसा ठेवायचा कुठे? घरातील गल्ला सोयीचा असतो, पण तो हाताशी असल्यामुळे लवकर फुटतो. अनेक मोहल्ल्यांत बायका भिशी लावतात. बारा जणींनी दरमहा ५०० रुपये भरले, की ६००० रुपये होतात. ती रक्कम दर महिन्याला एकीला मिळते. यात व्याज घेणे नाही आणि देणेही नाही. आपली पाळी मे महिन्यात मागून घेतली, तर ऐन गरजेच्या वेळी एकरकमी पैसा हाती येतो. मात्र भिशी विश्वासावर चालते. रक्कम उचलून एखादीने पुढचे हप्ते भरले नाहीत, तर बाकीच्यांचे नुकसान होते. म्हणून ती ओळखीच्या माणसांतच लावावी आणि नावे, तारखा, सह्या वहीत लिहून ठेवाव्यात. थोड्या दिवसांत पैसे दुप्पट करून देतो, असे सांगणाऱ्यांच्या मागे मात्र कधीही लागू नये.

पोस्टात बचत खाते उघडण्याची सोय भारतात १८८२ सालापासून आहे. आज ५०० रुपये भरून हे खाते उघडता येते. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला किंवा मुलीला आपल्या स्वतःच्या नावाने खाते उघडून ते चालवता येते. तुमच्यापैकी अनेकांना हे लगेच करता येईल.

जमा वाढवणे आपल्या हाती नेहमी नसते, पण काही खर्च आपल्या हाती असतात. विजेचेच पाहा. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट वीज खर्च होते. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅटचा असतो. असे तीन पंखे रोज १६ तास चालले, तर दिवसाला ३.६ युनिटे आणि महिन्याला १०८ युनिटे होतात. खोलीत कोणी नसताना पंखा बंद करण्याची सवय लावली आणि प्रत्येक पंखा रोज चार तास कमी चालला, तर महिन्याला २७ युनिटे वाचतात. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी असतो. त्यापुढचे युनिट बरेच महाग पडते. म्हणजे १०० च्या पुढे गेलेल्या घरात वाचलेली युनिटे ही महागातली युनिटे असतात. ६० वॅटच्या जुन्या बल्बऐवजी ९ वॅटचा एलईडी दिवा लावला, तरी खोलीत तेवढाच उजेड पडतो.

पिण्याच्या गार पाण्यासाठी माठासारखे स्वस्त साधन नाही. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपते. त्याची वाफ होताना ते आतल्या पाण्यातील उष्णता घेऊन जाते, म्हणून पाणी गार होते. मालेगावच्या कोरड्या हवेत माठाचे पाणी चांगले गार होते. भिवंडीच्या दमट हवेत ते तितके होत नाही. माठ सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवावा. पाणी मात्र जपून वापरावे. वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

सर्वांत अवघड असतो तो किरकोळ खर्च. तो दिसत नाही. सुट्टीत रोज २० रुपयांचे थंड पेय घेतले, तर ४५ दिवसांत ९०० रुपये होतात. वरच्या हिशेबात पावसाळ्याच्या तयारीचा खर्च बरोबर एवढाच होता! कैरीचे पन्हे किंवा लिंबाचे सरबत घरी केले, तर सगळ्यांची तहान भागते आणि पैसेही वाचतात. शाळेच्या खर्चातही बचत करता येते. गेल्या वर्षीच्या वह्यांतील कोरी पाने काढून शिवली, तर कच्च्या कामाच्या दोन-तीन वह्या सहज तयार होतात. महाराष्ट्रात सरकारी व अनुदानित शाळांत आठवीपर्यंतची पाठ्यपुस्तके मोफत मिळतात. नववी-दहावीची पुस्तके पुढच्या वर्गातील मुलांकडून घेता येतात आणि आपली मागच्यांना देता येतात.

एक गोष्ट मात्र विसरू नका. काटकसर वेगळी आणि कंजूषपणा वेगळा. भर उन्हात आजी-आजोबांचा किंवा तान्ह्या बाळाचा पंखा बंद करणे ही काटकसर नव्हे. दूध तोडणे, आजाऱ्याचे औषध टाळणे, दाराशी आलेल्याला पाणी न देणे हीही काटकसर नव्हे. जे वाया जाते ते थांबवणे आणि ते गरजेच्या जागी लावणे, याला काटकसर म्हणतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत, पण पाय तोडू नयेत.

या सगळ्यात तुमचे काम काय? घर चालवण्याचे ज्ञान तुमच्या अम्मीला आणि अब्बांना तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. त्यांना उपदेश करू नका. पण तुम्ही लिहिता-वाचता, बेरीज-वजाबाकी करता. रोज रात्री पाच मिनिटे त्यांच्याजवळ बसा. ‘आज काय आले, काय गेले?’ असे विचारून वहीत लिहा. महिन्याच्या शेवटी ती वही त्यांच्यासमोर ठेवा. पुढे काय करायचे ते त्यांना आकडेच सांगतील.

हे काम लहान समजू नका. दर वर्षी जूनमध्ये शाळा उघडते, तेव्हा वर्गातील एखादी जागा रिकामी दिसते. घेतलेली उचल फेडण्यासाठी कोणी मुलगा कांड्या भरायला गेलेला असतो. कोणी मुलगी घरी थांबलेली असते. त्यांना शिकायचे नव्हते असे नाही. त्यांच्या घरी जूनची बेगमी झालेली नव्हती. तुमच्या हातातील ती साधी वही एखादे वेळी तुमच्या धाकट्या भावाची किंवा बहिणीची वर्गातील जागा राखू शकेल.

शब्दार्थ
बेगमी – पुढच्या काळासाठी केलेली तरतूद
ओढाताण – पैशांची टंचाई, तंगी
आहेर – लग्नात दिलेली भेट
उचल – मजुरीपैकी आगाऊ घेतलेली रक्कम
दमट – ओलसर
तोंडमिळवणी करणे – जमा आणि खर्च यांचा मेळ घालणे

स्वाध्याय
१. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ‘बेगमी’ या शब्दाचे दोन अर्थ कोणते?
(आ) ईद दर वर्षी अलीकडे का सरकते?
(इ) माठातील पाणी गार का होते?
२. कारणे लिहा.
(अ) हिशेबात बेगमी सर्वांत वर लिहावी.
(आ) भिशी ओळखीच्या माणसांतच लावावी.
३. काटकसर आणि कंजूषपणा यांतील फरक पाच-सहा वाक्यांत लिहा.
४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द पाठातून शोधा.
५. घरातील मोठ्यांच्या मदतीने एका आठवड्याचा जमाखर्च वहीत लिहा.