तान्ह्या पोळ्याचा नंदी व शाळेचे सुतारकाम मंडळ

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, आपल्या जिल्ह्यात तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी नंदी शृंगारून ओढीत नेतात व घरोघर बोजारा मागतात. सेलू तालुक्यातील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा तर तेथील भव्य नंदींमुळे दूरवर प्रसिद्ध आहे. त्याच तालुक्यातील हिंगणीसारख्या गावी मुलाच्या हाती जो नंदी दिसतो, तो बहुधा बाजारातून आणलेला असतो. तो शाळेतच घडविता येईल काय, या प्रश्नाचा विचार शिक्षकबंधुभगिनींनी करावा, यासाठी हा लेख.

कल्पना नवी नाही आणि परकी तर नाहीच. दिनांक २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तीत नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने शाळेत शिकविण्यास योग्य अशा मूलोद्योगांत सूतकताई व शेतीबरोबर सुतारकामाचाही समावेश केला होता. योजनेच्या अर्थकारणावर अवाजवी भर दिल्यास तिचा शैक्षणिक हेतू बळी पडेल, असा इशाराही त्याच समितीने दिला होता. हा इशारा पुढे आपण पुरेसा ध्यानी धरला नाही. किती वस्तू झाल्या, याची मोजदाद होत राहिली. मुलाला काय उमगले, हे मात्र कोणी विचारले नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पाचवी ते सातवीच्या दहाबारा मुलामुलींचे मंडळ करावे. मुली केवळ रंगकामापुरत्या नसाव्यात. करवतही त्यांच्या हाती द्यावी. आठवड्यातून दोन तासिका पुरेत. शाळा जूनअखेर उघडते. तेव्हाच आरंभ केला, तर पोळ्यापर्यंत सुमारे दोन महिने हाती राहतात.

पहिल्या दिवशी मुलांना एवढेच विचारावे : नंदीचा पाय नेहमी का मोडतो? उत्तर लाकडाच्या रेषेत आहे. एकाच ठोकळ्यातून नंदी कोरला, तर रेषा तोंडाकडून शेपटीकडे जातात. अर्थात पायात त्या आडव्या येतात. रेषेला आडवे लाकूड बळकट, रेषेच्या दिशेने मात्र ते चटकन चिरते. म्हणून धड निराळे व पाय निराळे करावेत. पायांत रेषा उभ्या ठेवाव्यात, पायाच्या टोकास कूस काढावी आणि ती धडाच्या भोकात घट्ट बसवावी. लाकडाच्या एका तुकड्याचा पाय रेषेसह व दुसऱ्याचा आडव्या रेषांचा करून दोन्ही मुलांनी स्वतः मोडून पाहावेत. त्यावर वेगळ्या व्याख्यानाची गरज उरत नाही.

चाकांचेही तसेच. फांदीची गोल चकती कापली की चाक आयते मिळाले, असे वाटते. पण वाळताना ती हमखास तडकते. लाकूड केंद्राकडे जेवढे आकसते, त्याच्या सुमारे दुप्पट ते वर्तुळांच्या दिशेने आकसते. म्हणून चाक फळीतून कापावे. सात सेंटिमीटर व्यासाच्या चाकास दोरा गुंडाळून मोजला की तो बावीस सेंटिमीटरच्या आसपास भरतो. परिघाचा पाठ येथेच झाला. गुण्याचा कोन खरा की खोटा, हे ३, ४ व ५ या मापांच्या त्रिकोणाने मुले स्वतः तपासू शकतात.

शिकवावे कोणी? स्वीडनमध्ये नेस येथे ऑटो सॉलोमन यांनी १८७० च्या दशकापासून शिक्षकांना शालेय लाकूडकामाचे शिक्षण दिले. हे काम कारागिराने नव्हे, तर प्रशिक्षित शिक्षकाने शिकवावे, असा त्यांचा आग्रह होता. मला तो आपल्या गावांपुरता मान्य नाही. रंधा कसा चालतो हे गावच्या मिस्त्रींनीच दाखवावे. तो तसा का चालतो, हे शिक्षकाने विचारावे व विचारू द्यावे. वर्गात सुताराघरचे मूल असेल, तर बघा : जे मूल वाचनाच्या तासिकेत मान खाली घालून बसते, ते येथे इतरांची करवत सरळ करून देते.

मिस्त्री लाकूड पायाने धरून वाकसाने तासतात. मुलांना ते करू देऊ नये. लाकूड शेगड्यात आवळावे आणि पटाशी चालविताना दोन्ही हात पात्याच्या धारेमागे ठेवावेत. वाकस मंडळाच्या पेटीत नकोच.

लाकडासाठी जंगलात जाऊ नये. हिंगणीजवळचे बोर अरण्य १९७० साली अभयारण्य व २०१४ साली व्याघ्रप्रकल्प झाले. मिस्त्रींकडील सागाचे तुकडे आणि दुकानातील खोक्यांच्या फळ्या एवढ्यावर काम भागते.

एक कबुली द्यावीशी वाटते. मी शिक्षक असताना अधिकाऱ्यांच्या भेटीपूर्वी मुलांचे वाकडे नंदी कपाटात ठेवले आणि मिस्त्रींकडून एक सुबक नंदी करवून टेबलावर मांडला. शेरा उत्तम मिळाला. भेट आटोपल्यावर एका मुलाने विचारले, “गुरुजी, आमचे बैल कुठे गेले?” आज मीच भेटीस येतो. तेव्हा टेबलावर तीन पायांचा नंदी असला तरी चालेल. चौथा कसा मोडला, हे तो करणाऱ्या मुलाने मला सांगावे.