काटोलचा दगड, क्वीन्सलंडचा दगड

२२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूरजवळच्या काटोलला आकाशातून दगड पडले. मी तिथलाच. संत्र्यांसाठी ओळखलं जाणारं आमचं गाव त्या दिवसापासून शास्त्रज्ञांच्या यादीतही गेलं, कारण अशनीला पडण्याच्या जागेचं नाव देतात.

आता आम्ही ब्रिस्बेनच्या नैर्ऋत्येला, स्प्रिंगफील्ड लेक्सला राहतो. या क्वीन्सलंड राज्याच्या पश्चिमेकडच्या माळरानावर १८७९मध्ये असाच दगडांचा पाऊस पडला होता. त्या दगडांचं नाव टेनहॅम. गंमत म्हणजे काटोल आणि टेनहॅम एकाच जातीचे, 'एल-६' प्रकारचे दगडी अशनी. दोन्हींत ब्रिजमनाइट नावाचं खनिज सापडलं; टेनहॅममधल्या शोधाची नोंद २०१४ची, काटोलमधल्या २०२१ची. हे खनिज पृथ्वीच्या पोटात भरपूर आहे, पण साधारण ६६० किलोमीटरच्या खाली. तिथवर कुणी खणू शकत नाही. अवकाशातल्या टकरीत क्षणभर तसाच प्रचंड दाब आला आणि ते या दगडांत तयार झालं.

मग हे दगड आले कुठून? २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार 'एल' गटातल्या बहुतेक अशनींचं मूळ मसालिया हा दगडी लघुग्रह. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात, मंगळाकडच्या बाजूला तो फिरतो. नाव मसाल्यावरून नाही हं, फ्रान्समधल्या मार्से शहराचं ते जुनं नाव! सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वी त्याची मोठी टक्कर झाली, सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी आणखी एक. उडालेल्या तुकड्यांपैकी काही हळूहळू कक्षा बदलत पृथ्वीच्या वाटेवर आले. काटोल आणि टेनहॅम बहुधा त्यातलेच.

आमच्या घरी 'आपण कुठले' हा वाद जुनाच. बाबा व्हिडिओ कॉलवर नातीला म्हणतात, "तू काटोलचीच बरं." ती ठणकावते, "आजोबा, मी इथली!" दोघंही हट्टी, कधी कधी फोन रुसव्यातच बंद होतो. म्हणून दोघांना ही गोष्ट सांगितली. बाबा खूश झाले, "बघ, मूळ एकच!" लेक म्हणाली, "पण नाव तर पडलं तिथलंच ना?" कूळ बाबांच्या बाजूने, नियम तिच्या. मी गप्प बसलो.

मसालिया नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. पृथ्वीच्या जवळ असताना छोट्या दुर्बिणीतून ठिपक्यासारखा दिसतो, काटोलहूनही आणि इथूनही. पुढच्या वेळी दोघांना एकाच रात्री तो शोधायला लावणार आहे. आधी कोणाला सापडतो, यावर नवा वाद होईल. होऊ दे. निदान फोन तरी लवकर बंद होणार नाही.