पाळीच्या पाण्यावरचा गळ

सोलापूरहून धुळ्याकडे जाणारा हमरस्ता मांजरसुंब्याच्या चौकात पाटोद्याच्या आणि केजच्या वाटांना भेटून बालाघाटाची कड उतरतो आणि पालीपाशी सपाटीला लागतो, तेथे बिंदुसरा नदी अडवून केलेला तलाव आहे. त्या तलावाच्या कालव्यावर, पाण्याची पाळी नुकतीच संपली असता, एका वयस्क गळकऱ्याच्या शेजारी मी एक सायंकाळ घालविली. ज्या मुलखात चैत्र लागला की टँकरची वाट पाहावी लागते, त्या मुलखात कोणी माणूस मासे धरावयास निवांत बसतो, ही गोष्ट परगावच्या मनुष्यास थट्टेची वाटेल. परंतु येथील गळकऱ्याचे सारे शास्त्र या पाण्याच्या अनिश्चितीतूनच उपजलेले आहे.

इंग्लंडातील कालवे प्रामुख्याने अठराव्या शतकात आणि त्यानंतर मालाच्या होड्यांसाठी खोदले गेले. त्यांतले पाणी बारमाही व जवळजवळ निश्चल असल्यामुळे तिकडचा गळकरी वर्षानुवर्षे त्याच जागी बसू शकतो, आणि धरलेला मासा पुष्कळदा न्याहाळून पुन्हा पाण्यात सोडून देतो. आमचा कालवा शेतासाठी खोदलेला. खात्याचा हुकूम सुटला की तो वाहतो, पाळी संपून दार पडले की त्याची धार बारीक होत जाते, आणि मग मोरीखाली, दाराच्या पुढच्या खळग्यात, तळ खचलेल्या वळणावर काय डबकी उरतील तेवढाच त्याचा जलविस्तार. तलावातून पाण्याबरोबर वाहत आलेली मासळी या डबक्यांत अडकते. तलावातील मासेमारीचा ठेका आपल्याकडे बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो व त्यासाठी रोहू-कटल्याची बोटुकली सोडली जाते; पाटात उतरलेल्या मासळीवर मात्र हक्क सांगणारा कोणी भेटत नाही, निदान दिवेलागणीच्या सुमारास तरी भेटत नाही.

नानांनी (त्यांना सारे नानाच म्हणत) मोरीच्या सावलीतली जागा धरली होती. हाती कळकाची काठी, तिला तंगूस, तंगुसाला ज्वारीच्या धाटातल्या भेंडाचा बोटभर तुकडा, त्याखाली चेपून बसविलेला शिशाचा कण, आणि टोकाला लहानसा गळ. डब्यातल्या ओल्या मातीतून त्यांनी एक गांडूळ उचलले, गळावर असे ओवले की आकडा झाकला जावा आणि शेपटाकडचा भाग मोकळा वळवळत राहावा, आणि काठी न झटकता नुसत्या मनगटाने तो भिंतीलगत सोडला.

भेंड पाण्यावर उभे राहिले. यानंतर जे पाहावयाचे ते सारे त्या बोटभर तुकड्यात. चिलापी असेल तर भेंड थरथरते, थांबते, पुन्हा थरथरते, आणि एकाएकी तिरपे होऊन बाजूला सरकू लागते; ती सरकण्याची वाट न पाहता जो काठी उचलतो त्याच्या हाती रिकामा आकडा येतो. मरळ असले थिल्लर चाळे करीत नाही. भेंड दिसेनासेच होते. हा चिलापी मासा मूळचा आफ्रिकेचा, भारतात आला तो 1952 साली. अंडी व पिले मादी तोंडात सांभाळते, त्यामुळे कोठल्याही गढूळ डबक्यात त्याची वंशवृद्धी निर्विघ्न चालते. मरळ मात्र पिढीजात एतद्देशीय. हवेतला श्वास घेण्याची सोय असल्यामुळे पाणी आटत आले, चिखल झाला, तरी ती तग धरते, आणि श्वासासाठी वर येताना पाण्यावर जो बुडबुडा सोडते त्यावरून नाना तिचा ठिकाणा हेरतात.

पहिल्या तासात चार-पाच चिलापी आल्या. मग एक शिंगटी लागली, आणि तेव्हा नानांची लगबग पाहण्यासारखी होती. त्यांनी मासा हवेत झुलत न ठेवता सरळ काठावर आणला, खांद्यावरचे पंचे त्यावर टाकले, पाठीचा व दोन्ही कडांचा काटा बोटांच्या बेचक्यांत धरून डोके जमिनीशी दाबले आणि मगच गळ सोडविला. तो काटा रुतला तर रात्रभर हात ठणकतो.

कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य, दोरी आणि गळ यांचा त्यात तपशिलाने विचार केलेला आहे, आणि सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने 1951 मध्ये त्यावर निबंध लिहिला. राजाला करमणूक हवी होती, नानांना कालवण. परंतु माशाला आधी जागेवर खायची सवय लावावी आणि मग गळ टाकावा हा विचार दोघांचाही. नाना अधूनमधून कणकेची बारीक गोळी पाण्यात टाकीत होते, ती याचसाठी.

अंधार पडू लागला, भेंड दिसेना. सायकलीवरून पाटकरी आला.

“नाना, लागलं का काही?”

“लागलं की. पुढची पाळी कवा हाय?”

“साहेबांचा हुकूम आल्यावर. मोरीपुढचा गाळ काढायचाय म्हणत्यात आधी.”

गाळ निघाला म्हणजे खळगा जाणार, आणि खळगा गेला म्हणजे मासळी थांबणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. नानांनी दोन चिलापी पळसाच्या पानात बांधून पाटकऱ्याच्या हाती दिल्या आणि विचारले, “वरल्या दाराचा बी काढणार का, का एवढाच?”