समुद्रापारचा पाहुणा आणि ट्रिऑर्कीचे गायक

५ ऑक्टोबर १९५७. वेल्समधल्या पोर्थकॉल या समुद्रकाठच्या गावी खाणकामगारांचा संगीतमहोत्सव भरला होता. ग्रँड पॅव्हिलियनमध्ये हजारो माणसं दाटीवाटीनं बसलेली. प्रमुख पाहुणे होते अमेरिकेचे कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसन, पण ते मंचावर नव्हते. त्यांच्या राजकीय मतांपायी अमेरिकी सरकारनं १९५० मध्येच त्यांचा पासपोर्ट काढून घेतला होता. मग रोबसन न्यूयॉर्कच्या स्टुडिओतून गायले आणि अटलांटिकच्या तळाशी वर्षभरापूर्वी सुरू झालेल्या टेलिफोन केबलमधून त्यांचा आवाज पोर्थकॉलला पोचला. इकडून त्यांच्यासाठी ट्रिऑर्की मेल क्वायर हा पुरुषांचा गायनवृंद गायला.

वेल्सचे पुरुषवृंद राजेरजवाड्यांसमोर गायले, देशोदेशी हिंडले. १८९५ मध्ये ट्रिऑर्कीचे गायक विंडसरच्या किल्ल्यात व्हिक्टोरिया राणीपुढे गाऊन आले. पण मला पोर्थकॉलची मैफल त्याहून मोठी वाटते, कारण इथे पाहुण्याला खुद्द त्याच्याच सरकारनं अडवलं होतं आणि यजमान कोळसा काढणारे होते. रोबसन या माणसांना परके नव्हते. १९४० च्या ‘द प्राउड व्हॅली’ या चित्रपटात त्यांनी वेल्सच्या खाणीत काम करणारा आणि तिथल्या वृंदात गाणारा माणूस रंगवला होता.

ट्रिऑर्की हे दक्षिण वेल्समधल्या ऱ्होंदा खोऱ्यातलं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळशासाठी या अरुंद खोऱ्यात खेड्यापाड्यांतून माणसं लोटली. डोंगरउतारावर घरांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि जागोजागी चॅपल, म्हणजे साधी प्रार्थनाघरं. गाणं तिथेच रुजलं. त्याला हातभार लावला ‘टॉनिक सोल-फा’ या स्वरलेखनानं. पाच रेघांच्या नोटेशनऐवजी यात स्वर अक्षरांनी लिहितात, आणि आपल्या ‘सा’सारखा त्यांचा ‘डो’ कोणत्याही पट्टीत धरता येतो. पियानो घरी नसलेला, शाळा लवकर सुटलेला खाणकामगारही अशा कागदावरून मोठमोठ्या रचना बसवू शकायचा.

अशा पुरुषवृंदात सगळे एकच चाल गात नाहीत. पहिले टेनर, दुसरे टेनर, बॅरिटोन आणि खर्जातले बास असे चार गट आपापली वेगळी ओळ एकाच वेळी गातात. बॅरिटोनची ओळ सुटी ऐकली तर बरेचदा रुक्ष वाटते, पण ती काढून घेतली की सगळा डोलारा पोकळ होतो. लोक कौतुक करतात ते शंभर गळ्यांच्या गर्जनेचं. माझ्या मते खरी कसोटी उलट आहे: शंभर पुरुषांनी अगदी हळू गावं आणि एकही आवाज बाहेर डोकावू नये. यासाठी वर्षानुवर्षं शेजारी उभं राहावं लागतं. आजचा ट्रिऑर्कीचा वृंद १९४६ मध्ये नव्यानं बांधला गेला, आणि जॉन हेडन डेव्हिस यांनी पुढची वीसहून अधिक वर्षं त्याचं संचालन केलं.

वेल्सच्या उत्तरेत लॅनगोलेन इथे १९४७ मध्ये, महायुद्धाच्या जखमा ओल्या असताना, आंतरराष्ट्रीय संगीतमहोत्सव सुरू झाला. १९५५ मध्ये इटलीतल्या मोदेनाचा वृंद तिथे स्पर्धा जिंकून गेला. त्यात वडिलांसोबत गाणारा एक तरुण होता, पुढे ऑपेरागायक म्हणून जगभर गाजलेला लुचानो पावारोत्ती. वेल्सच्या अंगणात येऊन पाहुण्यांनी बाजी मारली, आणि याचा तिथल्या लोकांना आजही अभिमान वाटतो.

रोबसन यांना पासपोर्ट परत मिळाला १९५८ मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टात ते वेल्समधल्या एबू वेल इथल्या राष्ट्रीय महोत्सवाला स्वतः हजर राहिले.

ऱ्होंदा खोऱ्यातली शेवटची खाण, मार्डी, १९९० मध्ये बंद झाली. ट्रिऑर्कीचा वृंद मात्र चालू आहे, फक्त त्यात आता वेगवेगळ्या पेशांतली आणि निवृत्त मंडळी गातात. वेल्समधले कितीतरी वृंद तालमीला बाहेरच्या माणसाला बसू देतात. तिकडे जाणाऱ्यानं मैफलीआधी तालीम ऐकावी. तिथे चारही ओळी सुट्या कानावर पडतात, आणि त्या बॅरिटोनची किंमत कळते.