पत्ता सापडला, पण माणूस?

५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने सट्टेबाजीची २२ अ‍ॅप आणि संकेतस्थळं बंद केली. त्यात 'महादेव बुक' होतं. ईडीच्या म्हणण्यानुसार त्याचे कर्तेधर्ते मूळचे भिलाईचे आणि कारभार दुबईतून चालायचा. १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली तेव्हापासून पोलादासाठी ओळखलं जाणारं भिलाई गाव सट्ट्याच्या बातम्यांत झळकू लागलं. अशा ऑनलाइन गुन्ह्यांच्या बातम्यांत एक वाक्य हटकून असतं: 'आयपी पत्त्यावरून छडा लावला.' हा छडा वाटतो तितका सरळ नसतो.

सर्व्हर चालवणाऱ्याला आत्ता कोण जोडलेलं आहे ते पाहायचं असेल, तर लिनक्सवर 'एसएस' ही आज्ञा पुरते. जुनी मंडळी अजून 'नेटस्टॅट' वापरतात. होऊन गेलेलं पाहायचं, तर लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडायचा. एखादी ओळ अशी असते: १४ ऑक्टोबर, १८:४०:०७, 'रूट' या नावाने पासवर्ड चुकला, पत्ता २०३.०.११३.४५, पोर्ट (त्या जोडणीचा क्रमांक) ५१८८४. (हा पत्ता पुस्तकी उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या गटातला आहे.) इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरवर अशा ओळींची रात्रंदिवस रीघ लागते. 'फेल टू बॅन' सारखी साधनं ठरावीक चुकांनंतर तो पत्ता काही काळ अडवतात, आणि बहुतेक उपद्रव तिथेच थांबतो.

पण ही ओळ पुरावा म्हणून वाचायची झाली की प्रत्येक आकडा तपासावा लागतो. आधी वेळ. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर लावलेलं असेल, तर १८:४० म्हणजे आपल्याकडे रात्रीचे बारा वाजून दहा मिनिटं, तारीख १५! मग पत्ता. कारखान्याच्या गेटवर गाडीचा नंबर टिपला, तरी त्या दिवशी ती कोण चालवत होतं ते त्यातून कळत नाही. आयपी पत्त्याचंही तसंच. जुन्या पद्धतीचे पत्ते जगभर मिळून जेमतेम ४२९ कोटी. त्यामुळे मोबाइल कंपन्या एकाच पत्त्याआड अनेक ग्राहक बसवतात. त्यांतला नेमका कोण, हे ठरवायला पोर्ट आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. व्हीपीएन वापरलेलं असेल तर दिसतो तो पत्ताच दुसऱ्याचा.

इथे हयगय झाली की काय होतं, ते पुण्याच्या प्रकरणात दिसलं. २००७ साली ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी बदनामीकारक मजकूर आला. पुणे पोलिसांनी आयपी पत्त्याच्या आधारे बंगळुरूच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक केली. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने त्या पत्त्यापुढे भलत्याच ग्राहकाचं नाव दिलं होतं. त्या मजकुराशी काडीचाही संबंध नसलेला हा तरुण ५० दिवस तुरुंगात राहिला. सर्व्हरवरची नोंद खरी असूनही ती जुळवताना चूक झाली, तर एखाद्याचं आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकतं. ही जबाबदारी तंत्रज्ञांनी आपली मानलीच पाहिजे असं मला वाटतं.

नियम आहेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि घड्याळं अधिकृत वेळेशी जुळवून ठेवावी लागतात. त्याही आधी, २०११ मध्ये, इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफने शिफारस केली होती की पत्त्यासोबत समोरच्याचा पोर्टही नोंदवा.

तरीही एनजिनएक्स आणि अपाचे या सर्रास वापरल्या जाणाऱ्या वेब सर्व्हरच्या नेहमीच्या लॉगमध्ये तो पोर्ट येत नाही. एनजिनएक्समध्ये त्यासाठी लॉगच्या साच्यात 'रिमोट पोर्ट' हे एक चल वाढवायचं असतं. भिलाईतल्या एखाद्या शिकवणी वर्गाचा किंवा दवाखान्याचा छोटा सर्व्हर असला, तरी तो सांभाळणाऱ्याने एवढं जरूर करून ठेवावं.