उजेड कमी, रंग जास्त

बंगळुरूपासून समुद्र दूर, पण त्याच्या निळाईचं कोडं या शहराला परकं नाही. इथे १९४८ साली संशोधन संस्था उभारणाऱ्या चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये बोटीने मायदेशी परतताना दाखवलं होतं की समुद्राचा निळेपणा निव्वळ आकाशाचं प्रतिबिंब नव्हे; पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात. त्यातून पाणी तांबडा प्रकाश वरच्या थरांतच शोषून घेतं, आणि स्वच्छ समुद्रात खोलवर उरतो तो मुख्यतः निळा. तिथल्या सायनोबॅक्टेरियांना, म्हणजे नीलहरित जिवाणूंना, तेवढ्यावरच भागवायचं असतं. प्रयोगशाळेत खारं पाणी घालून ते वाढवताना आपल्याला वाटतं, दिवा प्रखर केला की रंग चढेल. बहुधा उलटच घडतं. पाऊस रिमझिम असला की पागोळ्यांखाली जास्त भांडी मांडावी लागतात; मुसळधार लागला की एक घागर पुरते. रंगद्रव्यं म्हणजे ही भांडी. मंद प्रकाशात पेशी क्लोरोफिल आणि फायकोबिलिप्रोटीनं वाढवते. प्रखर प्रकाशात ती कमी करून झियाझॅन्थिनसारख्या बचावाच्या पिवळ्या द्रव्यांवर भर देते. भांड्यांचा प्रकारही बदलतो: सिनेकोकॉकसच्या काही जाती निळ्या प्रकाशात ४९५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश टिपणारं फायकोयुरोबिलिन वाढवतात, हिरव्यात ५४५ जवळचं फायकोएरिथ्रोबिलिन.

कुणी म्हणेल, हा परिणाम रंगाचा कशावरून, कमी-जास्त ऊर्जेचा कशावरून नाही? शंका रास्त आहे, आणि तिचं मूळ अनेकदा मोजमापात असतं. लक्समीटर माणसाच्या डोळ्याच्या मापाने मोजतो. त्याला हिरवा सर्वांत जास्त दिसतो, निळा-तांबडा फार कमी. समान लक्सचे निळे आणि हिरवे दिवे म्हणूनच जिवाणूला समान नसतात. फोटॉन मोजून ते सारखे करावे लागतात. शिवाय काही गोड्या पाण्यातल्या जातींत तांबडा-हिरवा ओळखणारा प्रकाशग्राहक प्रथिनरेणू सापडला आहे, म्हणजे ऊर्जेपलीकडे रंग ‘पाहण्याची’ सोय पेशीत आहे. सर्वच जातींत मात्र ती नाही. काही कोणत्याही दिव्याखाली तशाच राहतात.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: मंद प्रकाशात पेशी गडद झाल्या, तरी त्या वाढतात सावकाश, मग लिटरमागे रंग मिळणार किती? खरं आहे. म्हणून पेशीतला रंग आणि एकूण उतारा हे दोन आकडे वेगळे धरावे लागतात, आणि उत्तम उतारा दोन्ही टोकांच्या मधे कुठेतरी सापडतो. त्यातही पोषणाकडे दुर्लक्ष झालं तर हिशेब फसतो. फायकोबिलिप्रोटीनं नायट्रोजनने समृद्ध असल्याने नायट्रेट संपलं की पेशी हीच भांडी मोडीत काढते. हिरवी बाटली पिवळी पडते, आणि दोष मात्र दिव्याला दिला जातो.