अंगणातील पायऱ्यांना कठडा: माप, मुळाची पकड आणि घरच्या घरी करायचे काम

जमिनीची ओल आणि पावसाचे पाणी घरात शिरू नये म्हणून घराचे जोते अंगणापेक्षा उंच बांधण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे, आणि आजच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेतही जोते भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५० मिलिमीटर उंच असावे, अशी अपेक्षा आहे. या उंचीमुळे बहुतेक घरांच्या दारापुढे तीन ते सहा पायऱ्या येतात. त्या उघड्यावर असल्यामुळे पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते, संध्याकाळनंतर त्यांवर पुरेसा उजेड नसतो, आणि जुन्या दगडी पायऱ्यांची उंची तर पुष्कळदा एकसारखीही नसते. घरातल्या जिन्याला कठडा लावणे कोणी विसरत नाही, कारण तिथली उंची डोळ्यांना दिसते. अंगणातल्या चार पायऱ्या मात्र निरुपद्रवी वाटतात आणि तशाच राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडण्यामुळे दगावतात; अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्ते अपघातांखालोखाल पडण्याचा क्रम लागतो, आणि त्यातही साठीपुढच्या माणसांचे प्रमाण सर्वाधिक आहे. म्हणून दारापुढच्या पायऱ्यांना कठडा लावणे हे किरकोळ वाटणारे काम प्रत्यक्षात घराच्या सुरक्षिततेचे मोठे काम आहे, आणि ते नीट समजून घेतले तर त्यातला बराचसा भाग घरच्या माणसांना स्वतः करता येतो.

कठडा दोन वेगळी कामे करतो, आणि त्यांची गल्लत झाली की काम फसते. गच्चीचा किंवा सज्ज्याचा कठडा माणसाला कडेवरून खाली जाण्यापासून अडवतो. त्यासाठी तो उंच व भरीव असला, की पुरे. पायऱ्यांच्या कठड्याचे मुख्य काम त्याआधीचे आहे: पाय घसरण्याच्या क्षणी हाताला असे काही सापडले पाहिजे, की जे मुठीत पूर्ण बसेल आणि शरीराचे वजन पेलेल. पायऱ्यांच्या बाजूला बांधलेली विटांची रुंद भिंत अडवण्याचे काम चांगले करते, पण तिच्यावर हात फक्त टेकतो, मूठ वळत नाही, आणि ओल्या गिलाव्यावरून तो सहज निसटतो. त्यामुळे अशी भिंत असली, तरी तिच्यावर किंवा तिच्या आतल्या अंगाला धरण्याची दांडी बसवावी लागते.

या दांडीची मापे हाताच्या रचनेवरून ठरतात. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २०१६ मध्ये दिव्यांग व वृद्ध व्यक्तींसाठी अडथळामुक्त इमारतींची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत दांडी गोल छेदाची, ३८ ते ४५ मिलिमीटर व्यासाची असावी, पायऱ्यांपासून तिची उंची ७६० ते ९०० मिलिमीटर असावी आणि शेजारच्या भिंतीपासून ती किमान ५० मिलिमीटर दूर असावी, असे सांगितले आहे. व्यास यापेक्षा जास्त झाला, की बोटे व अंगठा एकमेकांपर्यंत पोचत नाहीत आणि पकड सैल राहते. भिंतीपासूनचे अंतर कमी पडले, तर बोटांची पेरे भिंतीला घासतात आणि घाईत हात मधेच अडकतो. उंचीसाठी दिलेल्या मर्यादेत घरासाठी नेमके माप कोणते, हे मात्र कागदावर ठरवू नये. घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीला पायरीवर उभे करून एक लांब काठी वेगवेगळ्या उंचीवर धरावी, आणि कोपर किंचित वाकलेले असताना ज्या उंचीवर हात आपसूक पडतो, ती उंची पक्की करावी. उतरताना हात शरीराच्या थोडा पुढे व खाली असतो, म्हणून ही तपासणी उतरतानाही करणे आवश्यक आहे. घरात लहान मुले असतील, तर त्याच खांबांना खाली एक दुसरी दांडी जोडता येते.

नळी विकत घेताना बाजारातील मापांचा एक घोटाळा लक्षात ठेवावा लागतो. पाण्यासाठी वापरली जाणारी जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी, म्हणजे दुकानातली जीआय पाइप, आतल्या पोकळीच्या मापाने ओळखली जाते, तर कठड्यासाठी मिळणारी स्टेनलेस स्टीलची नळी बाहेरच्या व्यासाने ओळखली जाते. त्यामुळे दीड इंची स्टीलची नळी बाहेरून ३८ मिलिमीटर भरते आणि हाताला योग्य ठरते, पण दीड इंची जीआय नळी बाहेरून ४८ मिलिमीटरच्या पुढे जाते आणि बऱ्याच हातांना जाड होते. जीआयमध्ये सव्वा इंची नळी घेतली, तर तिचा बाहेरचा व्यास सुमारे ४२ मिलिमीटर येतो आणि तो वरील मर्यादेत बसतो. जीआय नळीचे हलकी, मध्यम व भारी असे तीन वर्ग असून त्यांवर अनुक्रमे पिवळा, निळा व तांबडा पट्टा असतो. कठड्यासाठी किमान निळ्या पट्ट्याची नळी घ्यावी.

धातूची निवड हवामानावर अवलंबून असते. स्टेनलेस स्टीलचे २०२, ३०४ व ३१६ असे प्रकार बाजारात आहेत. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. २०२ मध्ये महाग निकेलचा बराच भाग काढून त्याऐवजी मँगनीज वापरलेले असते, त्यामुळे ते स्वस्त पडते, पण गंजाला लवकर बळी पडते. ३१६ मध्ये सुमारे २ टक्के मॉलिब्डेनम मिसळलेले असल्याने समुद्राच्या खाऱ्या हवेला ते सर्वांत चांगले तोंड देते. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्यालगतच्या घरांत २०२ वापरले, तर त्यावर तांबूस डाग लवकर दिसू लागतात. चुंबक चिकटत नाही म्हणजे माल चांगला, ही समजूत इथे उपयोगाची नाही, कारण २०२ व ३०४ या दोन्हींना चुंबक सहसा चिकटत नाही. म्हणून बिलावर प्रकाराचा क्रमांक लिहून घेणे हाच सुरक्षित मार्ग आहे. विदर्भात मे महिन्यात उन्हात तापलेली धातूची दांडी हातात धरवत नाही, आणि न धरवणारी दांडी असून नसल्यासारखीच असते. तिथे वर सावली करावी किंवा लोखंडी पट्टीवर गोल घडवलेली सागवानी दांडी बसवावी.

कठड्याची खरी कसोटी दांडीत नसून खांबाच्या मुळाशी लागते, आणि त्याचे कारण तरफेच्या नियमात आहे. अमेरिकेतील बांधकाम नियमांनुसार अशा दांडीने कोणत्याही एका ठिकाणी सुमारे ९० किलो वजनाइतका जोर सहन केला पाहिजे. हा जोर ९०० मिलिमीटर उंचीवर आडवा लागला आणि खांबाच्या तळपट्टीवरील बोल्टांमधले अंतर १०० मिलिमीटर असले, तर ओढल्या जाणाऱ्या बाजूच्या दोन बोल्टांवर मिळून त्याच्या नऊ पट, म्हणजे सुमारे ८०० किलोचा ताण येतो. एकाच दांडीने जोडलेले दोन-तीन खांब हा ताण आपसांत काहीसा वाटून घेतात, तरीही वरून भक्कम दिसणारा कठडा वर्षभरात हलू लागतो तो या मुळाशी साठलेल्या ताणामुळेच, आणि म्हणून खांब कशात रोवायचा, हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा लागतो.

पायऱ्या ठोस काँक्रीटच्या किंवा काळ्या पाषाणाच्या असतील, तर तळपट्टी ठेवून अँकर फास्टनर वापरता येतात. हा असा बोल्ट असतो, की जो आवळताना भोकाच्या आत फुगतो आणि भोवतालच्या भिंतींवर दाब देऊन पकड घेतो. हा दाब कडेजवळ आला, तर कड फुटते. म्हणून १० मिलिमीटरचा बोल्ट पायरीच्या कडेपासून किमान १०० मिलिमीटर आत असावा. पायरी अरुंद असल्याने तेवढी जागा नसेल, तर रासायनिक अँकर वापरावा. त्यात भोकात राळेसारखे मिश्रण भरून सळई बसवली जाते आणि ती फुगण्याऐवजी चिकटून पकड घेत असल्याने कडेवर येणारा दाब कमी असतो, पण भोकातली धूळ ब्रशने घासून व हवेने फुंकून पुन्हा पुन्हा काढली नाही, तर मिश्रण दगडाऐवजी धुळीला चिकटते. पायऱ्यांवर शहाबादी, कडप्पा किंवा कोटा फरशी बसवलेली असेल, तर बोल्टाची पकड फरशीत धरू नये. फरशीची व तिच्याखालच्या मसाल्याची जाडी वगळून मूळ बांधकामात बोल्ट किमान ८० मिलिमीटर गेला पाहिजे.

कोकणातील जांभ्याच्या पायऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. जांभा सच्छिद्र व मऊ असल्याने फुगणारा बोल्ट त्यात भोक मोठे करत जातो किंवा चिरा तडकवतो. विटांच्या पायऱ्यांतही हाच धोका असतो. अशा ठिकाणी पायऱ्यांना हात न लावता त्यांच्या बाजूच्या जमिनीत खांब उभे करणे उत्तम. त्यासाठी सुमारे ३०० मिलिमीटर लांब-रुंद व ४५० मिलिमीटर खोल खड्डा घ्यावा, तळाशी खडी पसरावी, खांबाच्या खालच्या टोकाला एक आडवी सळई वेल्ड करून घ्यावी, म्हणजे खांब काँक्रीटमध्ये फिरणार नाही वा उपसणार नाही, आणि एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी या प्रमाणाचे काँक्रीट भरावे. काँक्रीटचा माथा जमिनीपेक्षा किंचित वर व चारही बाजूंना उतरता ठेवावा, कारण खांबाच्या बुंध्याशी पाणी साचले, की गंज तिथूनच सुरू होतो. किमान सात दिवस त्यावर पाणी मारत राहावे आणि तोवर दांडीला हात लावू नये.

आखणी हा या कामातला सर्वांत समाधानाचा भाग आहे. सर्वांत खालच्या पायरीच्या पुढच्या कडेपासून वरच्या ओट्याच्या कडेपर्यंत सूत ताणले, की पायऱ्यांचा उतार मिळतो. दांडी या सुताला समांतर, ठरलेल्या उंचीवर असावी, आणि उंची नेहमी पायरीच्या कडेवरून ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी मोजावी. खांब पायरीच्या मध्यावर उभा राहणार असेल, तर तिथे हा उतार पायरीपेक्षा अर्ध्या पायरीच्या उंचीने वर असतो; म्हणून १५० मिलिमीटर उंचीच्या पायरीवर खांब ७५ मिलिमीटरने जास्त लांब कापावा लागतो. ही वाढ विसरली, की दांडी आखलेल्या उंचीपेक्षा खाली येते.

दांडीची टोके पायऱ्यांपाशीच तोडणे ही नेहमीची चूक आहे. वरच्या ओट्यावर ती ३०० मिलिमीटर सपाट पुढे जावी, आणि खाली एका पायरीच्या रुंदीइतकी उतरत जाऊन मग ३०० मिलिमीटर सपाट यावी, म्हणजे पहिले पाऊल उचलण्याआधी हात दांडीवर असतो आणि शेवटचे पाऊल जमिनीवर टेकेपर्यंत तो तिथेच राहतो. १५० मिलिमीटर उंच व ३०० मिलिमीटर रुंद अशा पाच चढांसाठी या हिशेबाने एका बाजूची दांडी सुमारे २.३ मीटर लांब होते. जमिनीत रोवलेले दोन खांब धरले, तरी बाजारात मिळणाऱ्या ६ मीटरच्या एका नळीत एक बाजू पूर्ण होते. टोके भिंतीकडे किंवा खाली वळवून बंद करावीत, नाहीतर पदर, ओढणी किंवा पिशवीचा बंद त्यांत अडकतो.

दुसरी बाजू करावी की नाही, हा प्रश्न पुष्कळदा खर्चाकडे पाहून सोडवला जातो, पण त्याचे उत्तर शरीराकडे पाहून द्यायला हवे. अर्धांगवायूने ज्याचा डावा हात दुर्बळ झाला आहे, त्याला चढताना उजवीकडची दांडी धरता येते. उतरताना तीच दांडी त्याच्या डावीकडे येते आणि निरुपयोगी होते. ज्याला एकाच हाताचा आधार आहे, त्याला दोन्ही बाजूंना कठडा असला, तरच घराबाहेर जाऊन परत येता येते.

कामाची वाटणी अशी करावी, की मापे, आखणी, भोके, खड्डे, बसवणे व रंग घरी व्हावेत आणि नळी वाकवणे व वेल्डिंग फॅब्रिकेटरच्या दुकानात व्हावे. जस्ताचा मुलामा असलेल्या नळीवर वेल्डिंग केले, तर जस्ताचा धूर निघतो आणि तो श्वासात गेल्यास ताप व थंडी भरते. म्हणून सांध्याजवळचा मुलामा आधी घासून काढावा, वेल्डिंग मोकळ्या हवेत करावे आणि नंतर त्या जागी जस्तयुक्त रंग द्यावा. भोके पाडताना चष्मा वापरावा, भिंतीत विजेची तार किंवा पाण्याची नळी नाही याची खात्री करावी, आणि अंगण ओले असताना ड्रिल चालवू नये. तयार कठड्यावर विजेच्या माळा किंवा तारा कधीही गुंडाळू नयेत, कारण पावसात एखादी तार सोलली गेली, तर आधारासाठी धरलेली दांडीच जिवावर बेतू शकते. सोसायटीच्या सामाईक पायऱ्यांवर हे काम करायचे असेल, तर व्यवस्थापक समितीची लेखी परवानगी आधी घ्यावी.

कठडा बसल्यावर एखाद्या धडधाकट माणसाने तो आत, बाहेर, वर व खाली असा सर्व दिशांना अंगाच्या जोराने ओढून पाहावा. मुळाशी थोडीही हालचाल जाणवली, तर तो वापरात आणू नये, कारण ज्यावर विश्वासाने भार टाकला तो आधार सुटला, तर माणूस आधार नसतानापेक्षाही वाईट पडतो. पुढे दरवर्षी मृगाच्या आधी बोल्ट आवळणे, बुंध्याशी गंज आहे का ते पाहणे आणि पायऱ्यांवरचे शेवाळ घासून काढणे, एवढी निगा पुरते.

हे काम घरच्या माणसाने करण्यात मजुरी वाचतेच, पण त्याहून मोठा लाभ असा, की दांडीची उंची, जाडी आणि बाजू ज्याला ती धरायची आहे त्याच्या हाताप्रमाणे ठरते. पुष्कळ घरांत कठड्याचा विचार कोणीतरी पडल्यानंतर, मांडीचे हाड जोडून झाल्यावर होतो. वृद्धत्वात असे हाड मोडले, की कित्येकांचे पूर्वीसारखे चालणे परत येत नाही, आणि चार पायऱ्यांच्या भीतीने देऊळ, बाजार व शेजार सुटतो. दिवाळीनंतरचे कोरडे महिने या कामाला सर्वांत सोयीचे असतात. दारापुढे दोन-तीनच पायऱ्या असल्या, तरी त्या महिन्यांतले दोन-तीन दिवस आणि एक-दोन नळ्या यासाठी बाजूला काढणे प्रत्येक घराला शक्य आहे, आणि ते कोणी पडण्याआधी करणे हेच शहाणपणाचे आहे.